तासाला २७० रुपये: कुडाळात बसून परदेशी हिशेबाचे काम घ्यावे का?

पत्र: मी कुडाळ तालुक्यातली, वय ३४. नऊ वर्षं पुण्यात एका कंपनीत अमेरिकेतल्या छोट्या धंद्यांचं बुककीपिंग करते, सध्या टीम लीडर आहे. आईची तब्येत आणि घर यामुळे कायमचं गावी यायचं ठरतंय. मुंबईतली एक आउटसोर्सिंग कंपनी म्हणते, 'तुम्ही कुडाळात चार जणी बसवा, काम आम्ही देतो, बिल झालेल्या तासाला २७० रुपये.' कॉमर्स झालेल्या चार मुली तयार आहेत. त्या कंपनीला तिकडून तासाला १३ डॉलर मिळतात असं कळलंय. मग २७० म्हणजे लुबाडणूक नाही का? आत्ताच्या कंपनीचा एक अमेरिकन ग्राहक 'थेट करशील तर ११ डॉलर देतो' म्हणतोय, त्याचं काय करू? वडील गिरणी कामगार होते, ब्याऐंशीच्या संपात गावी परतले. ते म्हणतात, 'गिरणी गेल्यो, तशी ही कामांय जातली.' शिवाय, हे काम करताना आपण तिकडच्या कुणाची नोकरी काढून घेतो का, हेही मनात येतं.

उत्तर:

ताई,

आधी वडिलांचे बोलणे घेऊ. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची किल्ली त्यातच आहे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मुंबईत साठेक गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. कापडाची मागणी त्या काळात आटली नव्हती. विणकाम भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांवर होत होते, आणि संपाच्या आधीपासूनच ते तिकडे सरकत होते. कापूस पिंजण्यापासून कापड छापण्यापर्यंतच्या साखळीतून विणकाम तेवढे सुटे काढणे सोपे होते. सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले रूळ, द्यायचे, मोजून तागा परत घ्यायचा. तागा नीट विणलाय की नाही हे मीटरपट्टी आणि भिंग लावले की कळते, विणणारा समोर असावा लागत नाही. जे काम सुटे काढता येते, लिहून समजावता येते आणि परत आल्यावर झटपट तपासता येते, ते कमी मजुरीच्या जागी जाते. मुंबईचे विणकाम याच कारणाने भिवंडीला गेले, आणि अमेरिकेतल्या ओहायोच्या दुकानाचा हिशेब याच कारणाने कुडाळात येतो आहे. अर्थतज्ज्ञ ॲलन ब्लाइंडर यांनी २००६ मध्ये हेच सेवाक्षेत्राबद्दल मांडले होते: कोणती नोकरी परदेशी जाईल हे शिक्षणावरून ठरत नाही, ते काम इंटरनेटवरून दर्जा न गमावता पाठवता येते का यावरून ठरते. वायरमन आणि नर्सचे काम पाठवता येत नाही, हिशेबनिसाचे येते.

तेव्हा वडिलांचे म्हणणे खरे आहे, पण अर्धे. सगळे काम एकदम जात नाही, त्यातला सुटा निघणारा भाग जातो. तुमच्या कामातला कोणता भाग किती सुटा आहे, हे ओळखून धंदा उभा करायला हवा.

अमेरिकेतल्या माणसाचा हिशेब

अमेरिकेत हिशेबाच्या कारकुनाचा मध्यम पगार वर्षाला सुमारे ४९ हजार डॉलर, म्हणजे तासाला २३ डॉलरच्या थोडा वर. त्यावर मालकाला सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे, म्हणजे तिकडच्या सरकारी पेन्शन आणि आरोग्यविम्याचे, ७.६५ टक्के भरावे लागतात, शिवाय विमा आणि भरपगारी रजा. सगळे धरून तो तास मालकाला ३३ डॉलरच्या आसपास पडतो. तुमच्या मुंबईच्या कंपनीचे १३ डॉलर त्याच्यासमोर ठेवले की वाटते, वीस डॉलर निव्वळ वाचले. तसे होत नाही.

दहा तासांचे काम घ्या. तिथल्या माणसाने केले तर ३३० डॉलर, वर मालक-अकाउंटंटचा अर्धा तास तपासणीला. त्याचा तास ६० डॉलरचा धरला तर एकूण ३६०. तेच काम इकडे आले तर १३० डॉलर अधिक तपासणीचा दीड तास, म्हणजे ९०. एकूण २२०. वाचले १४०. पण काम कच्चे आले आणि तपासायला चार तास लागले, तर १३० अधिक २४० म्हणजे ३७०. आपल्याकडची मजुरी कितीही कमी असली तरी हा व्यवहार त्याला तोट्याचा झाला, आणि तो काम काढून घेणार.

हे गणित भिंतीवर लावून ठेवा. तुमची खरी स्पर्धा मनिलाच्या किंवा इंदूरच्या दराशी नाही. ओहायोतल्या त्या माणसाचा तपासणीचा दुसरा, तिसरा, चौथा तास वाचवणे हाच तुमचा माल आहे.

तपासणी वाढते कशाने, याचे एक उदाहरण अगदी जवळून बघू, कारण नवीन मुलींकडून हमखास हीच चूक होते. एका फुलवाल्याने ग्राहकाला १,००० डॉलरचे बिल दिले. ग्राहकाने कार्डाने पैसे भरले. कार्डाचे पैसे वसूल करून देणाऱ्या स्ट्राइप कंपनीने २.९ टक्के अधिक ३० सेंट, म्हणजे २९.३० डॉलर कापून बँकेत ९७०.७० जमा केले. क्विकबुक्स या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या बँक फीडमध्ये, म्हणजे बँकेतून आपोआप येणाऱ्या नोंदींत, ९७०.७० दिसतात, मुलगी ते 'सेल्स' म्हणून स्वीकारते. महिनाअखेरीस बँक रिको, म्हणजे वही आणि बँक खाते यांचा ताळा, शून्य फरकाने जुळते, सगळे हिरवे दिसते. चूक लपून राहते ती यामुळेच. विक्री २९.३० ने कमी नोंदली गेली, फीचा खर्च कुठेच दिसत नाही, आणि मधे एखादा परतावा वजा झाला असेल तर तोही गडप. वर्षाअखेर स्ट्राइपकडून १०९९-के हा करखात्याचा फॉर्म येतो, त्यात रक्कम फी कापण्याआधीची असते. वहीतली विक्री त्यापेक्षा कमी निघाली की अकाउंटंट बारा महिने उकरत बसतो. उपाय सोपा आहे. स्ट्राइपचे वेगळे क्लिअरिंग खाते उघडायचे. १,००० ची विक्री त्यात, २९.३० ची फी त्यातून, ९७०.७० ची बँकेकडे बदली. महिनाअखेरीस त्या खात्यात फक्त वाटेत असलेली जमा उरली पाहिजे, एरवी शून्य.

असे सगळे मिळून दर ग्राहकामागे एक पानाचे महिनाबंद पत्रक करा. बँक आणि क्रेडिट कार्डांचे रिको, क्लिअरिंग खाती शून्य, 'अनकॅटेगराइज्ड', म्हणजे सदर न लावलेल्या नोंदी, शून्य, येणे-देण्यात उणे शिल्लक नाही, मागच्या महिन्याच्या तुलनेत दहा टक्के आणि दोनशे डॉलर या दोन्हींहून जास्त फरक असलेल्या ओळींना एकेका वाक्याचे कारण. प्रश्न दिवसभर सुटे सुटे पाठवायचे नाहीत, एकाच ईमेलमध्ये क्रमांक घालून पाठवायचे. तपासणीचा दुसरा-तिसरा तास इथेच वाचतो.

२७० रुपयांत काय उरते

चार मुली, महिन्याला २१ दिवस. आठ तास बसल्या तरी बिल होणारे तास सव्वासहाच धरा. शंका विचारणे, चुका दुरुस्त करणे, चहा, सॉफ्टवेअर उघडायची वाट बघणे यांचे बिल होत नाही. म्हणजे ५२५ तास, १,४१,७५० रुपये.

खर्च: चौघींचे पगार सोळा-सोळा हजार धरून ६४,०००. वर्षाला एक पगार बोनस, तो महिन्याला ५,३००. तुमचा स्वतःचा पगार ३५,०००, आणि तो धरायचाच. 'मला काय लागतंय' म्हणून सोडून दिलात तर दर परवडतो की नाही हे कधीच कळणार नाही. भाडे ८,०००, वीज ३,५००, इंटरनेटच्या दोन जोडण्या २,०००, पाच लॅपटॉप चाळीस महिन्यांत वसूल करायचे म्हणून ६,०००, इन्व्हर्टर-बॅटरीपोटी १,०००, सीए आणि किरकोळ ५,०००. एकूण १,२९,८००. उरले जेमतेम बारा हजार.

आता बिलाचे तास सव्वासहावरून साडेपाचवर येऊ द्या. ४६२ तास, १,२४,७४० रुपये. पाच हजारांचा तोटा. ना नफा ना तोटा गाठायला ४८१ तास लागतात, म्हणजे एका मुलीमागे रोज पावणेसहा. एवढ्या कमी फटीत धंदा चालत नाही. दर ३३० झाला तर तोच बिंदू ३९३ तासांवर येतो आणि ५२५ तासांना महिन्याकाठी त्रेचाळीस हजार उरतात.

१३ डॉलरचे, डॉलर मुद्दाम हात राखून ८५ रुपयांचा धरला तरी, १,१०५ रुपये होतात. त्यातले २७० तुम्हाला. उरलेल्या ८३५ मध्ये ग्राहक मिळवण्याचा खर्च, तिकडच्याशी बोलणारा माणूस, डेटा सुरक्षेचे ऑडिट, विमा, रिकाम्या तासांचे पगार आणि पैसे बुडण्याची जोखीम येते. म्हणून सुरुवातीलाच त्याला लुबाडणूक म्हणणार नाही. पण एक प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या: दुसरी तपासणी कोण करणार? ती मुंबईत होणार असेल तर पहिले सहा महिने २७० ते ३०० समजण्यासारखे आहे. ती तुम्ही करणार असाल, आणि तुमचा नऊ वर्षांचा अनुभव बघता तेच होईल, तर सर्वांत महागडे काम ते तुमच्याकडून फुकट करून घेत आहेत. मग पहिल्या दिवसापासून ३३० ते ३४० मागा. नसतील देत तर सहा महिन्यांनी वाढ, आणि त्याला मोजता येणारी अट: परत आलेल्या फायली शंभरात पाचपेक्षा कमी असतील तर ३३०.

तासाच्या दरात आणखी एक खोट आहे, जिकडे फार कुणाचे लक्ष जात नाही. बँक फीडचे नियम नीट बसवले की एका ग्राहकाचे सहा तासांचे काम चार तासांत होऊ लागते. तासाने पैसे घेणाऱ्याचे उत्पन्न त्याच्याच हुशारीने घटते. म्हणून तीन महिन्यांनी ग्राहकवार ठोक महिन्याचा दर मागा. सहा तासांचा ग्राहक ३३० च्या दराने सुमारे २,००० रुपये. पुढे तो चार तासांत झाला तर ते दोन तास तुमचे. कंपनी सहजी मान्य करणार नाही. निदान निम्म्या ग्राहकांसाठी मिळवा.

मुलींच्या पगारात काटकसर करू नका. शिकून तयार झालेली मुलगी गोव्याला किंवा पुण्याला गेली, की तिच्या जागी आलेलीचे तीन महिने निम्म्याच तासांचे बिल होते. २७० च्या दराने हे सुमारे ५३ हजारांचे नुकसान. दुसऱ्या वर्षी महिन्याला दोन हजार वाढवायला वर्षाचे २४ हजार लागतात. कुडाळात घरी राहून नोकरी ही तुमची जमेची बाजू आहे, पण ती पगाराची जागा घेत नाही.

हातात किती पैसे हवेत

पहिले बिल महिनाअखेरीस, पैसे ४५ दिवसांनी. म्हणजे पहिला रुपया ७५ व्या दिवशी. तोवर अडीच महिन्यांचा खर्च सव्वातीन लाख. शिकण्याच्या काळात बिल निम्मेच, त्याचे आणखी दीड-दोन लाख. लॅपटॉप, इन्व्हर्टर, टेबल-खुर्च्या, अनामत मिळून तीनेक लाख. आठ लाखांच्या खाली हात घालू नका. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आणि स्वतःचा हिस्सा ५ टक्के अशी तरतूद आहे, सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंत. सध्या अर्ज घेतात का, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. मात्र ते अनुदान तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकते. रोजच्या खर्चाला ते येणार नाही, हे धरून चाला.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंदणी, पहिल्याच दिवशी करा, ती ऑनलाइन आणि फुकट आहे. तुमचा ग्राहक भारतीय कंपनी असल्याने तिचा मोठा उपयोग आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि आयकरात तो खर्चही त्यांना पैसे दिल्याशिवाय वजा मिळत नाही. 'तिकडून आले की देऊ' या वाक्याला कायद्यात जागा नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

जीएसटीत इथे बरेच जण फसतात. काम अमेरिकेचे असले तरी तुम्ही बिल मुंबईला देता, म्हणून तुमच्यापुरती ती निर्यात नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर नोंदणी लागत नाही. तुमचे वर्षाचे सतरा लाख होतात. २० लाखांच्या वर गेलात की १८ टक्के लावावे लागतील. मुंबईची कंपनी ते वळते करून घेऊ शकते, म्हणून घाबरू नका. फक्त करारात 'दर जीएसटी वगळून' हे शब्द हवेत, नाहीतर ते १८ टक्के तुमच्या २७० मधून जातील.

थेट ग्राहकाचे ११ डॉलर

११ डॉलर म्हणजे ९३५ रुपये. मोह पडणारच. पण तो आत्ताच्या कंपनीचा ग्राहक आहे. तुमच्या नेमणूकपत्रात ग्राहक न ओढण्याचे आणि गोपनीयतेचे कलम नक्की असेल. नोकरी सोडल्यावर तोच व्यवसाय करण्यावर सरसकट बंदी आपल्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाखाली टिकत नाही, हे खरे. गोपनीय माहिती वापरणे आणि ग्राहक फोडणे यांवर मात्र न्यायालये वेगळा विचार करतात. त्याला सध्या नम्रपणे थांबवा, करारातली मुदत वकिलाला दाखवून मोजून घ्या, आणि निघताना एकही फाइल, पासवर्ड किंवा ग्राहकयादी बरोबर आणू नका. नव्या धंद्याच्या पहिल्या वर्षी नोटीस आली तर ती परवडणार नाही.

वर्षभराने तुमचे स्वतःचे ग्राहक आले, तर रीत अशी. चालू खाते, त्यात परकीय रक्कम येताना बँकेला उद्देश संकेतांक द्यायचा, बुककीपिंगसाठी पी१००५. दर जमेची आवक-सूचना बँकेकडून मागून फाइलला लावायची, निर्यात सिद्ध करायला तीच लागते. जीएसटी नोंदणी झाल्यावर दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला हमीपत्र, म्हणजे एलयूटी, ऑनलाइन भरायचे. मग बिलावर कर शून्य. अमेरिकन ग्राहक डब्ल्यू-८बेन, म्हणजे तुम्ही अमेरिकेबाहेरच्या असल्याचे सांगणारा करफॉर्म, मागेल. तो भरून दिला आणि सगळे काम भारतात बसून होते हे स्पष्ट असले, तर तिकडे कर कापायचे कारण उरत नाही. आणि करविवरणाचे काम असेल तर विचारा की करदात्याची लेखी संमती घेतली आहे का. देशाबाहेरच्या माणसाला ती माहिती देण्याआधी संमती घेणे अमेरिकी कायद्याने सक्तीचे आहे. जबाबदारी त्याची, पण ती नसताना काम घेतलेत तर उद्या प्रकरण वर आल्यावर पहिला बंद होणारा दरवाजा तुमचा.

पाऊस, वेळ आणि गणपती

बुककीपिंग दिवसा करता येते, रात्रपाळी घेऊ नका. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. बोलण्यासाठी तेवढा तास तुम्ही एकटीने थांबा, मुलींना शेवटची एसटी मिळेल असे सोडा.

तारखांचा मात्र मोठा पेच आहे. अमेरिकेत भागीदारी आणि एस-कॉर्पोरेशन (छोट्या कंपन्यांचा एक प्रकार) यांची करविवरणे १५ मार्चला, मुदतवाढ घेतलेली १५ सप्टेंबरला. वैयक्तिक १५ एप्रिल आणि १५ ऑक्टोबर. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. गणपती घरात बसवायच्या दिवशी कुडाळात कुणी कामावर येणार नाही, आणि यावेही नाही. त्यामुळे करारातच लिहून घ्या की त्या आठवड्यात काम नाही आणि सप्टेंबरची कामे ऑगस्टअखेर संपवू. त्यासाठी कागदपत्रे १० ऑगस्टपर्यंत मिळालीच पाहिजेत. शिमगा आणि १५ मार्चचेही असेच. ऐनवेळी सांगितलेली सुट्टी ग्राहक बेजबाबदारपणा समजतो, जानेवारीत सांगितलेली सुट्टी वेळापत्रकात बसवतो.

विजेचा भार फार नाही. पाच लॅपटॉप, राउटर, कमी वीज खाणारे दोन बीएलडीसी पंखे, दिवे मिळून ४०० वॅट. १५० एएचची एक ट्युब्युलर बॅटरी त्यावर जेमतेम दोन तास देते. दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घ्या, म्हणजे चार तास निघतात. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतरसारखा दिवसेंदिवस अंधार झाला तर बॅटरी पुरणार नाही. तेव्हा भाड्याने जनित्र कुठे मिळेल हे पावसाआधी ठरवून ठेवा. इंटरनेटच्या दोन जोडण्या एकाच खांबावरून आल्या तर ती एकच जोडणी समजा. एक फायबर, एक मोबाइल टॉवरवरची. महामार्गाच्या खोदकामात तार तुटली की कधी दोन्ही जातात, म्हणून सावंतवाडीत ओळखीच्या कार्यालयात दोन टेबलांची सोय बोलून ठेवा. जांभ्या दगडात अर्थिंग उन्हाळ्यात कोरडे पडून कुचकामी होते. वायरमनकडून रोध मोजून घ्या, खड्ड्यात बेंटोनाइट ही ओल धरणारी माती भरून घ्या आणि एप्रिल-मेमध्ये पाणी घाला. पावसाच्या आधीच्या आणि ऑक्टोबरच्या विजांत राउटर जळतात ते यामुळेही.

हे काम किती दिवस टिकेल

कमी मजुरीच्या देशाकडे काम सरकते, हे झालेले आहे. फोनवर बोलण्याच्या कामात २०१० च्या सुमारास फिलिपिन्स भारताच्या पुढे गेला. पण मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचे काय झाले ते जास्त बोलके आहे. २००० च्या आसपास अमेरिकन डॉक्टरांचे आवाज ऐकून टाइप करण्याचे काम भारतातल्या लहान शहरांतही आले होते. पुढे आवाज ओळखणारी सॉफ्टवेअर आली, टाइप करणारे दुरुस्ती करणारे झाले आणि ओळीमागचा दर उतरला. २००९ च्या कायद्यानंतर तिकडे इलेक्ट्रॉनिक नोंदी पसरल्या, डॉक्टर स्वतःच पडद्यावर नोंदी करू लागले. ते काम दुसऱ्या देशात गेले नाही, मधूनच नाहीसे झाले. बुककीपिंगमधल्या निव्वळ नोंदी भरण्याच्या भागाचे हेच होणार, आणि ते सुरू झाले आहे. बिलाचा फोटो वाचून नोंद करणारी साधने तुम्ही रोज वापरता.

तिकडच्या कायद्याची भीती त्या मानाने कमी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सेनेटमध्ये परदेशी कामाच्या मोबदल्यावर २५ टक्के कर लावण्याचे विधेयक मांडले गेले. विधेयक मांडले म्हणजे कायदा झाला नाही. तो लागला असे धरले तरी वरच्या गणितात १३० चे १६२ होतात, दीड तासाची तपासणी मिळवून २५२. तिथला खर्च ३६०. नुसत्या या कराने काम परत जाणार नाही. तपासणी चार तासांवर गेली तर मात्र कर नसतानाही जाते.

म्हणून मुलींना पहिल्या सहा महिन्यांनंतर नोंदी भरण्यावर ठेवू नका. महिनाबंद, येणी वसुलीची स्मरणपत्रे, पगारपत्रक, विक्रीकराची विवरणे आणि दरमहा 'नफा का घटला' हे दोन परिच्छेदांत सांगणे, असे क्रमाने वर न्या. एका मुलीकडे एकाच प्रकारचे धंदे द्या, एकीकडे रेस्टॉरंट, एकीकडे बांधकाम कंत्राटदार. त्या फुलवाल्याचा फेब्रुवारीचा खर्च दरवर्षी का उसळतो हे जिला विचारावे लागत नाही, तिचे काम दुसऱ्याला लिहून समजावणे अवघड असते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर टाळत नाही. हो, काही ठिकाणी तिकडच्या माणसाचे काम जाते. एकूण हिशेबात दोन्ही देशांचा फायदा होतो असे अर्थशास्त्र सांगते, पण फायदा होणारा आणि नोकरी गमावणारा एकच माणूस नसतो, आणि गमावणाऱ्याला भरपाई आपोआप मिळत नाही. अमेरिकेत अशा कामगारांना प्रशिक्षण आणि भत्ता देणारी योजना १९६२ पासून होती, २००९ मध्ये ती सेवाक्षेत्राला लागू झाली, आणि १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर होणे थांबले. गिरणी कामगारांचे इथे जे झाले ते तुमच्या घराने पाहिले आहे. नोकरी जाणाऱ्याला सावरणे ही तिथल्या सरकारची आणि मालकाची जबाबदारी होती, तुम्ही काम नाकारून ती पुरी होणार नाही. तुमच्या हातात आहे ते तुमच्या चौघींबाबत: कंत्राट गेले तर निदान दोन महिन्यांचे पगार वेगळ्या खात्यात, आणि त्यांच्या नावावर सॉफ्टवेअरची प्रमाणपत्रे, जी त्यांना दुसरीकडे नोकरी देतील.

करार हातात आला की आधी नोटिशीचे कलम उघडा. अशा करारात बहुधा १५ किंवा ३० दिवस असतात. ६० मागा आणि ४५ च्या खाली उतरू नका. त्याच्या जोडीला महिन्याला किमान ४०० तासांची हमी हवी. कंपनीने कमी काम दिले तरी तेवढ्याचे बिल. २७० च्या दराने ४०० तासांत तुमचा खर्च पुरा निघत नाही, पण चौघींचे पगार, बोनस, भाडे, वीज आणि इंटरनेट भागते. किमान तासांची हमी द्यायला ते तयार नसतील तर चार मुली घेऊ नका, दोघींपासून सुरू करा आणि जागेचा ११ महिन्यांचा भाडेकरार करताना एका महिन्याच्या नोटिशीने सोडण्याची मुभा घालून घ्या.